मृत्यूची वेळ कशी कळते ?

श्रोतेहो, मृत्यूचा विषय सायंकाळच्या वेळीं ऐकणें कोणासहि फारसें रुचत नाहीं, हें मी जाणून आहें. तरीहि तो आज निवडला. कारण एका मुलाचें नशीब ह्याच प्रश्नावर टांगलेलें मीं लहानपणीं पाहिलें आहे.

१९७३ चा उन्हाळा होता. १९७२ च्या दुष्काळानें नगर जिल्ह्याची दैना करून सोडली होती. (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, माझ्या जिभेचें वळण मात्र जुनेंच.) पारनेर तालुक्यांतील आमच्या गांवीं, आमच्याच घरीं राहणारा एक चौदा वर्षांचा गुराखी पोर दिवसभर शेताची राखण करी व दिवे लागले कीं आमच्या ओट्यावर येऊन निजे. एके दिवशीं पहाटे आमच्या बांधाजवळ शेजाऱ्याचा बैल मरून पडलेला आढळला. दुष्काळांतून वांचलेला तो त्याचा एकुलता बैल; त्याचा तोल सुटला ह्यांत नवल नाहीं. "पोरानें काल दुपारींच कांहींतरी चारून मारला," असा त्याचा आरोप. माणसें जमलीं, पोरास पोलिसांच्या हवालीं करण्याची भाषा सुरू झाली.

तेवढ्यांत कोणीतरी मेंढवाड्यावरच्या एका म्हाताऱ्या धनगरास बोलावून आणलें. तो बैलाशेजारीं बसला. जबडा ओढून पाहिला. तो ताठ होता. पुढचे पाय ताठ होते, पण मागचा पाय त्यानें उचलतांच सहज वांकला. मग डोळ्यांचे कोपरे आणि नाकपुड्या त्यानें बोटानें उघडून निरखल्या, आणि म्हणाला, "दुपारचं जनावर नव्हं हे. दुपारचं असतं तर डोळ्यांत माशीची अंडी दिसली असती, अन् मागचे पाय काठीवानी झाले असते. मध्यानरातीला गेलंय हे." मध्यरात्रीं तो पोर आम्हां तिघां भावंडांच्या मध्यें घोरत होता. प्रकरण तेथेंच मिटलें. बैल कशानें मेला, तें शेवटपर्यंत कळलें नाहीं.

त्या म्हाताऱ्यानें जें दोन मिनिटांत वाचलें, त्याचा इतिहास पुढें मास्तरकीच्या दिवसांत मीं हौसेनें धुंडाळला.

सर्वांत आधीं लक्ष गेलें तें शरीराच्या उष्णतेकडे. जिवंत माणसाच्या शरीराची उष्णता सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड, गाईबैलांची थोडी अधिक, शेळीमेंढीची ३९ च्या आसपास. प्राण गेल्यावर ही भट्टी विझते व देह भोंवतालच्या हवेइतका थंड होत जातो. हंफ्रे डेव्ही ह्या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाचा भाऊ जॉन डेव्ही लष्करी डॉक्टर होता. माल्टा बेटावर मृत सैनिकांच्या शरीरांची उष्णता त्यानें मोजून पाहिली व तीं निरीक्षणें १८३९ सालीं छापलीं. १८६८ सालीं ग्लासगोच्या रेनी ह्यानें दाखविलें कीं, प्रेत लगेच निवूं लागत नाहीं. प्रथम कांहीं काळ उष्णता जेथल्या तेथें रेंगाळते. पुढें ताशीं दीड अंश फॅरनहाइट असा एक ढोबळ हिशेब रूढ झाला.

आतां हा हिशेब घेऊन आमच्या जिल्ह्यांत मे महिन्यांत या ! भर दुपारीं सावलींतहि पारा चाळिसाच्या वर चढतो. तेथें प्रेत थंड व्हावयाचें कसें ? उलट तें तापेल. शिवाय बैलाचा देह म्हणजे कित्येक मण ओझें. तें मेंढीपेक्षां कितीतरी सावकाश निवतें. मेंढीच्या अंगावर लोकरीची घोंगडीच असते. आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत चारा आंबण्याची क्रिया मरणानंतरहि चालू राहते. पोट फुगतें, आंत ऊब टिकते. थंड देशांतील कोष्टक येथें जसेंच्या तसें लावणारा फसलाच.

हें आपल्या देशांतील वैद्यकानें ओळखलें होतें. डॉ. जयसिंग मोदी ह्यांच्या न्यायवैद्यकावरील ग्रंथाची पहिली आवृत्ति १९२० सालीं निघाली. पुढें कित्येक पिढ्यांच्या वकिलांच्या व डॉक्टरांच्या मेजावर तो राहिला. प्रेताचा ताठरपणा उत्तर हिंदुस्थानांत हिंवाळ्यांत २४ ते ४८ तास टिकतो, उन्हाळ्यांत १८ ते ३६ तास, असें त्यांत नमूद आहे. कलकत्त्यास मॅकेन्झी ह्यांना आढळलेली सरासरी तर १९ तास १२ मिनिटांचीच होती. कोठें तीन तास, तर कोठें चाळीस. तीन आणि चाळीस ! एवढ्या अंतरांत एकाद्याचा गळा फांसांतून सुटूं शकतो किंवा अडकूंहि शकतो.

हा ताठरपणा जबड्यापासून खालीं उतरत जातो, हें फ्रान्समधील निस्तेन ह्यानें १८११ सालीं नोंदलें. आमच्या धनगरानें त्याचें नांवहि ऐकलें नसेल. स्नायु ताठ कां होतात, हें मात्र फार उशिरां उलगडलें. १९४३ सालीं हंगेरींतील एर्डोस ह्यानें सशाच्या स्नायूंवर दाखविलें कीं, स्नायूला सैल सोडण्यासहि शक्ति खर्चावी लागते; अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट हें तिचें इंधन सरलें कीं स्नायु जेथल्या तेथें घट्ट धरून बसतो. म्हणूनच पाठलागांत दमून मेलेलें हरिण लवकर ताठतें. त्याचें इंधन मरणापूर्वींच संपलेलें असतें.

राहिली माशी. ती दिवसां मेलेल्या जनावरावर अल्पावकाशांत उतरते, अंधारांत सहसा अंडीं घालीत नाहीं. १८५५ सालीं फ्रान्समधील डॉ. बर्जेरे ह्यानें एक प्रकरण प्रसिद्ध केलें. घराची डागडुजी करतांना धुराड्यामागें एका अर्भकाचें सुकलेलें प्रेत सांपडलें. संशय अर्थातच त्या वेळच्या भाडेकऱ्यांवर आला. प्रेतांतील किड्यांवरून बर्जेरेनें मृत्यु कांहीं वर्षांपूर्वींचा ठरविला, आणि ते निर्दोष सुटले. किड्यांच्या आयुष्यासंबंधींचें त्याचें गृहीत चुकीचें होतें, हा भाग वेगळा. ह्या विद्येला खरें शास्त्राचें रूप दिलें मेग्नँ ह्यानें, १८९४ च्या आपल्या ग्रंथांत. आणि हा गृहस्थ होता लष्करांतला जनावरांचा डॉक्टर. मला ह्याचें फार समाधान वाटतें.

तासांचें घड्याळ बंद पडल्यावर दिवसांचें घड्याळ किडे चालवितात. शतकांचें घड्याळ तिसरेंच. आमच्या जिल्ह्यांत प्रवरेकांठीं जोर्वे, नेवासें, दायमाबाद येथें उत्खननें झालीं व ताम्रपाषाणयुगींन वस्तीबरोबर जनावरांचीं हाडेंहि निघालीं. सजीव प्राणी मरतांच नवा कार्बन घेणें थांबवितो; त्यांतील किरणोत्सर्गी कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो. लिबी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४९ सालीं ही मोजणी सिद्ध केली. तेथें शंभर वर्षांची चूक कोणी मनावर घेत नाहीं. आमच्या बांधावर सहा तासांची चूक पोराला तुरुंगांत घालती.

आमच्याच तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें २००९ सालीं विहिरींत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यांत पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडला होता. 'आजोबा' ह्या नांवानें तो प्रसिद्ध झाला व चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. २०११ च्या डिसेंबरांत महामार्गावर वाहनाच्या धडकेनें तो मेला. शरीरांत बसविलेल्या सूक्ष्म चकतीवरून तो 'आजोबा'च, हें पटलें. पण चकती फक्त नांव सांगते. केव्हां मेला, तें सांगत नाहीं. तें पुन्हा देहालाच विचारावें लागतें.

आणि हल्लीं हा प्रश्न आमच्या शेतकऱ्याच्या दारांतच येऊन उभा आहे. बिबट्यानें शेळी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पण खबर लौकर द्यावी लागते, पंचनामा होतो, व प्रेत जागचें हलवूं नये असें असतें. शेळी खरोखर बिबट्यानें मारली, कीं आधींच मेली होती व मागाहून त्यानें ओढली, हें तेथें ठरवावयाचें असतें. गेल्या वर्षीं माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें पहाटेच मला फोन केला. मीं त्यास सांगितलें, "शेळीला हात लावूं नकोस, पण जबडा ताठ आहे कीं नाहीं, डोळ्यांत अंडीं आहेत कीं नाहींत, ह्याचें चित्र मोबाइलवर घे आणि त्यावरची वेळ राहूं दे." डॉक्टर अकरा वाजतां आले, तोंवर ऊन आणि माशा आपलें काम करून गेल्या होत्या, तें पहाटेचें चित्रच त्यांनीं मागून घेतलें.