भाकर

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. प्रभूची प्रार्थना मात्र ती चुलीपुढे, पिठाच्या हातानं म्हणायची. नगर जिल्ह्यातलं गाव, पहाटेची वेळ, काटवटीत ज्वारीचं पीठ. प्रार्थनेत रोजच्या भाकरीचं मागणं आलं की ती थापता थापता थांबायची, पिठाळलेला हात जरासा वर धरायची आणि मग पुढचं म्हणायची. देव म्हणजे पिठाचा पुरवठा करणारा, उधारीची वही न ठेवणारा कुणी दुकानदार, असं मला बरीच वर्षं वाटे. शब्बाथशाळेत मी हे सांगितलं, तर गुरुजींनी कोपऱ्यात उभं केलं. घरी आल्यावर आजी म्हणाली, "बरोबर सांगितलंस की रं. त्यान्ला दुस्काळ कुठं ठावं?"

तिला तो ठाऊक होता सासूच्या तोंडून. १८७६-७७ चा दुष्काळ. जनावरं गेली, माणसं वाटेवर पडली. आमचं घर ख्रिस्ती झालं ते त्याच्या आगेमागे. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा गावानं पुढं दोन पिढ्या पुरवला. आजी तो हसून घ्यायची. भाकरीसाठीच झालो, आणि रोज तीच मागतो. त्यात लाजायचं काय, असा तिचा रोकडा हिशेब!

बायबलातल्या गोष्टी तिनं आम्हांला जात्यावरच्या ओव्यांतून दिल्या. नोहाच्या तारवात तिच्या हिशेबानं खिलारी बैलजोडी होती, आणि हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर होता. हे तिचं अडाणीपण समजायचो आम्ही. पुढं कळलं, की फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात हेच केलं होतं. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणांची चुकचुक लागली होती, म्हणून त्यानं मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं. नगरात रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले. केडगावला पंडिता रमाबाईंनी बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलेलं होतं. मुलाला देव कळायचा तर तो घरातल्या बोलीत यावा लागतो, हे या मंडळींना पुरतं उमगलं होतं. आम्हांलाच त्याचा विसर पडला.

माझी नात पुण्यात असते. तिची प्रार्थना इंग्रजीत, उच्चार अगदी स्वच्छ. परवा मध्येच थांबून तिनं विचारलं, "आजोबा, मला ब्रेड आवडत नाही. तरी रोज का मागायचा?" तिच्या आईनं डोळे वटारले. मी नातीला स्वयंपाकघरात नेलं. ज्वारीचं पीठ निघालं नाही. डब्यात मैदा होता.

ज्यांच्या घरी येशूच्या ओव्या म्हणणारी म्हातारी अजून असेल, त्यांनी आजच तिच्यापुढे फोन धरून त्या उतरवून घ्याव्यात. आमच्या आजीच्या कुणी लिहूनसुद्धा ठेवल्या नाहीत. मला त्यांतल्या चारच येतात.