शेगडीवरचं छप्पर

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला आणि १९३७ चा ३.९ अंशांचा विक्रम मोडला. अशा रात्री सीताबर्डीच्या मेनरोडवर बंद शटरांपुढे चौकीदार खोकी जाळून शेकतात. त्या शेकोटीची काळजी नको, वर आभाळ आहे. काळजी आहे ती खोलीत उचलून नेलेल्या शेगडीची.

विलायती घरात आगीची जागा भिंतीत ठरलेली असायची आणि तिच्या डोक्यावर धुरांडं. त्या धुरांड्याचा गळा अरुंद केला की धूर खोलीत उलटत नाही, हे काउंट रम्फर्डने १७९६ साली लिहून ठेवलं. नागपुरी घराने ही भानगड कधी केली नाही. थंडी जेमतेम दोन महिने, पुढे मे महिन्याचा वणवा. त्यासाठी भिंत कोण फोडणार? इथे हवी होती ती जागा बदलता येणारी आग.

घराच्या आतल्या खोलीत शेगडीला खरा मान होता तो बाळंतपणात. दारं-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली निखारे, त्यांवर ओवा-शेपाची चिमूट, वर आई आणि तान्हं. शेक-शेगडी हा जोडशब्द तिथलाच. सैपाकात तिचा शिरकाव झाला तो शहर वाढल्यावर. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, वरोरा-कामठीकडच्या खाणींमुळे दगडी कोळसा हाताशी आला. मग जुन्या बादलीला आतून माती लिंपायची, मध्ये सळ्यांची जाळी, खाली हवेला तोंड. झाली शेगडी.

ती वापरायची रीत बायकांनी बसवली होती: कोळसा अंगणात पेटवायचा, धूर सरला आणि निखारे लाल फुलले की मगच आत आणायची. रीत शहाणी होती, पण अर्धी. धूर गेला म्हणजे विष गेलं असं नाही. अपुऱ्या हवेत जळणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि ती झोप गारठ्याची वाटते.

मग इतक्या पिढ्या निभावल्या कशा? माझ्या मते श्रेय बरंचसं कवेलूंना. कवेलूंच्या फटींतून रात्रभर वारा खेळायचा, पावसाळ्यात घर गळायचं त्याच वाटांनी हिवाळ्यात वायू निसटायचा. शेगडी तीच राहिली. बदललं डोक्यावरचं छप्पर. स्लॅब पडली, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या, दाराखालची फटही गारठा येतो म्हणून कापड कोंबून बुजवली जाऊ लागली.

आगीला घरातून बाहेर जायची वाट करून देण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला, पण चुलीपुरता. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाले. मगन चूल हे नाव त्याच मगनवाडीचं. तिला धुराचा नळ होता. शेगडीला नळ कोणी बसवला नाही, कारण नळ बसवला की ती उचलता येत नाही. उचलता येणं हाच तर तिचा गुण.

तेव्हा आजच्या फ्लॅटमध्ये ती पेटवायचीच असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, आणि झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर. गॅलरीही काचबंद असेल तर ती खोलीच धरायची. शेगडीजवळ पाण्याचं भांडं ठेवलं की ते विष शोषून घेतं, असं अजून सांगितलं जातं. हा वायू पाण्यात नगण्य विरघळतो. भांड्याने हवा थोडी ओलसर होईल, एवढंच. निखाऱ्यांवर राख ओढून ते 'विझवण्याची' सवय त्याहून वाईट. सकाळच्या चुलीसाठी विस्तव जपायला आजी नेमकं हेच करायची, कारण राखेखाली तो रात्रभर धुमसत राहतो.