सर्व्हरवरील संगणक भाषा : जुन्या व नव्या
संकेतस्थळाचे पान वाचकाच्या यंत्रावर नव्हे, तर दूरच्या सर्व्हरवर तयार करणाऱ्या आज्ञावली ज्या भाषांत लिहितात, त्यांना सर्व्हरवरील भाषा म्हणतात. बारामती वा इंदापूर तालुक्यातील खातेदार ‘महाभूलेख’वर गाव व गट क्रमांक निवडतो, तेव्हा सातबाऱ्याचे पान अशीच आज्ञावली जुळवून देते. या संकेतस्थळाच्या पत्त्याअखेरीस दीर्घकाळ दिसलेली ‘एएसपीएक्स’ ही अक्षरे मायक्रोसॉफ्टच्या २००२ मधील एएसपी डॉट नेट प्रणालीची खूण होत.

आरंभी, १९९३ पासून, सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी आज्ञावली नव्याने सुरू होई. त्या कामी लॅरी वॉल यांची पर्ल (१९८७) भाषा रुळली. रास्मुस लेरडॉर्फ यांची पीएचपी १९९५ मध्ये आली, जावाही त्याच वर्षी. नोड जेएस व गो या दोन्ही २००९ च्या. एलिक्सरची पहिली पूर्ण आवृत्ती २०१४ ची. नव्या भाषा एकाच वेळी असंख्य मागण्या हाताळण्यात सरस ठरल्या, हे खरे.

मराठी मजकुराच्या कसोटीवर मात्र हा वयानुक्रम टिकत नाही. ‘बारामती’ व ‘इंदापूर’ या दोन्ही नावांत वाचकाला चार अक्षरे दिसतात. काना, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे स्वतंत्र धरणाऱ्या युनिकोडमध्ये ती प्रत्येकी सात होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास एकवीस बाइट. लांबी विचारली असता पीएचपीचे मूळ कार्य २१ सांगते. तिच्याहून चौदा वर्षांनी आलेली गोही २१च सांगते. जावा, डॉट नेट व नोड ७ सांगतात. चार हे वाचकाचे उत्तर एलिक्सर देते. युनिकोडवर आधारलेली पीएचपीची सहावी आवृत्ती २०१० मध्ये सोडून देण्यात आली व पाचवीनंतर थेट सातवी (२०१५) निघाली.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. नावाच्या रकान्याची मर्यादा वीस बाइट ठेवून आज्ञावलीने जादा भाग छाटला, तर ‘बारामती’ची वेलांटी नासते व ‘इंदापूर’चा र जातो. भाषा कोणतीही असो, छाटणी अक्षराच्या सीमेवर करणे लिहिणाऱ्याच्या हाती असते. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असे विद्रूप उतरल्यास ते आज्ञावली सुधारून आपोआप शुद्ध होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करून लेखनप्रमाद दुरुस्तीचा आदेश तहसीलदाराकडून मिळवावा लागतो.