मधलं अक्षर नसलेलं इंजिन

मनमाडच्या किंवा भुसावळच्या आसपास फाटक पडलेलं असलं आणि समोरून मालगाडी चालली असली, की डबे मोजण्यापेक्षा चांगला विरंगुळा म्हणजे इंजिनाच्या अंगावरची अक्षरं वाचणं. डब्ल्यूएजी. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, जी म्हणजे गुड्स, आणि मधला 'ए' एसी विजेचा. डिझेल असेल तर त्या जागी 'डी' येतो. घाटात एकेकाळी डीसी विजेवर चालणाऱ्या इंजिनांना तिथे 'सी' मिळाला. त्यातली डब्ल्यूसीजी-१ रेल्वेतली माणसं 'खेकडा' म्हणूनच ओळखायची. वाफेच्या इंजिनाला मात्र मधलं अक्षर नव्हतं. ज्या काळात ही नावं ठरली तेव्हा इंजिन म्हटलं की ते वाफेचंच, वेगळं सांगायचं काय? ते नुसतं डब्ल्यूजी.

त्याच्या आधीच्या पिढीचं अक्षर होतं एक्स. 1920च्या दशकात इंग्रजांनी इथल्या रेल्वेसाठी प्रमाण इंजिनं आखली. त्यांत एक्सडी आणि एक्सई ही मालगाड्यांची, एक्सए, एक्सबी आणि एक्ससी ही पॅसेंजरची. मालगाडीवाल्यांनी निमूट काम केलं. पॅसेंजरवाल्यांनी घात केला. एक्सबी वेगात धावू लागलं की डावी-उजवीकडे हेलकावे खायचं आणि त्या झोलांनी रूळच वेडेवाकडे व्हायचे. जुलै 1937मध्ये बिहारमधल्या बिहटा इथे असं इंजिन जोडलेली गाडी घसरली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. मग चौकशी, मग पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी, आणि तिचा अहवाल येतो न येतो तोच महायुद्ध. युद्धात अमेरिका आणि कॅनडातून धट्टीकट्टी, देखणेपणाची फिकीर नसलेली मालगाडीची इंजिनं इथे आली आणि इथल्या इंजिनिअरांची नजर इंग्लंडवरून अमेरिकेकडे वळली. 1947मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून नव्या घराण्याचं पहिलं अपत्य आलं. ते डब्ल्यूपी, पॅसेंजरचं. बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर तारा. कॅलेंडरवर, सिनेमात, पोरांच्या वहीत तेच असायचं.

डब्ल्यूजी त्याचं धाकटं भावंड, आणि धाकट्याच्या वाट्याला थोरल्याचे कपडे येतात तसंच याचं झालं. बॉयलर थोरल्याचाच, दाब तोच, दर चौरस इंचाला 210 पौंड. दोघांचे कितीतरी सुटे भाग एकच. हे कंजूषपणाने केलेलं नव्हतं. शेडमध्ये एकाचा भाग दुसऱ्याला बसतो तेव्हा इंजिनं आठवडेच्या आठवडे खोळंबत नाहीत. फरक होता तो खाली, चाकांत. डब्ल्यूपीची मोठी चाकं सहा, प्रत्येकाचा व्यास 5 फूट 7 इंच. डब्ल्यूजीची आठ, व्यास 5 फूट दीड इंच. सिलिंडरही थोडे रुंद, पावणेबावीस इंचांहून किंचित जास्त. सायकलवर चढ चढताना आपण जे करतो तेच हे गणित. चाक लहान म्हणजे एका फेऱ्यात अंतर कमी, पण ओढ जास्त. डब्ल्यूपीची ओढ सुमारे 30,600 पौंड, डब्ल्यूजीची 38,890.

आठ मोठ्या चाकांच्या पुढे दोन लहान आणि मागे दोन लहान, या मांडणीला जगभर 'मिकाडो' म्हणतात, म्हणजे जपानचा सम्राट. बाल्डविननेच 1897मध्ये जपानच्या निप्पॉन रेल्वेसाठी अशी इंजिनं बनवली आणि नाव चिकटलं. त्यामागचं कारण मला नावापेक्षा जास्त आवडतं: तिथला कोळसा हलक्या प्रतीचा होता. हलका कोळसा जाळायचा तर भट्टी पसरट हवी. पसरट भट्टी मोठ्या चाकांच्या मधे मावत नाही, ती त्यांच्या मागे न्यावी लागते. मग तिचा भार पेलायला मागे लहान चाकं आली. आपला कोळसाही राखेचा धनी. म्हणून डब्ल्यूजीच्या भट्टीची जाळी 45 चौरस फुटांची, म्हणजे एखाद्या लहान न्हाणीघराएवढी, आणि ती फावड्याने भरायची. कोळसा नुसता आत टाकून भागत नाही. कोपऱ्यांत पोचला पाहिजे, मधे ढीग होता कामा नये, नाहीतर राख वितळून क्लिंकरच्या ढेपा जमतात आणि हवा कोंडते. ड्रायव्हर वाफेकडे बघतो तेव्हा खरं तर फायरमनच्या मनगटाकडे बघत असतो. आराखड्यावर सही कुणाचीही असो, हे इंजिन चालवलं ते या फावड्याने.

सुरुवातीची मोठी मागणी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीकडे गेली. तेवढ्यात बंगाल आणि तेव्हाच्या बिहारच्या सीमेवर मिहिजामजवळ सरकारने स्वतःचा कारखाना उभा केला होता. 26 जानेवारी 1950, प्रजासत्ताकाच्याच दिवशी, तिथलं काम सुरू झालं. 1 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिलं इंजिन देशाला अर्पण केलं. नंबर 8401, नाव 'देशबंधू'. कारखान्याला चित्तरंजन दासांचं नाव आणि इंजिनाला त्यांची पदवी. त्या पहिल्या इंजिनात परदेशी भाग बरेच होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्वयंपाकाला बसणारा पहिल्या दिवशी मसाला आईच्या डब्यातलाच घेतो. पुढची वीस वर्षं चित्तरंजन मुख्यतः याच इंजिनावर शिकलं. ओतकाम, घडकाम, बॉयलर बांधणं, हजारो भाग एकाच मापाचे काढणं, सगळं. परदेशांत बनलेली धरून एकूण 2450 डब्ल्यूजी झाली.

याच कारखान्यातून ऑक्टोबर 1961मध्ये देशी बनावटीचं पहिलं विजेचं इंजिन बाहेर पडलं, 'लोकमान्य'. पंडित नेहरूंनी त्याला निशाण दाखवलं. म्हणजे एका शेडमध्ये वीज आणि शेजारच्या शेडमध्ये वाफ, असा संसार पुढे बरीच वर्षं चालला. ग्लासगोची कंपनी 1962मध्ये दिवाळ्यात निघाली. 1968च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफेला रजा दिली. चित्तरंजनमध्ये डब्ल्यूजी बनतच होती. याला कुणी मागासपणा म्हणेल. मला ते पटत नाही. कोळसा घरचा, माणसं घरची, परकीय चलन मात्र चिमटीत धरून खर्चायचं, अशा देशाने तेलाची घाई केली नाही, यात हिशेब होता. हां, साठच्या दशकाच्या शेवटी तो हिशेब जरा ताणला गेला, हेही खरं.

शेवटचं डब्ल्यूजी 1970च्या जूनमध्ये बाहेर पडलं. नंबर 10560, नाव 'अंतिम सितारा'. इंग्लंडने आपल्या शेवटच्या वाफेच्या इंजिनाला 1960मध्ये 'ईव्हनिंग स्टार' म्हटलं होतं. तेही मालगाडीचंच. आपल्याकडे कुणाच्या तरी मनात ते असणार, असा माझा अंदाज आहे.

पुढे मेल-एक्स्प्रेस डिझेलने घेतल्या, मुख्य मार्ग विजेने घेतले, आणि डब्ल्यूजी मालगाड्यांबरोबर शंटिंगला, बांधकामाच्या गाड्यांना, दर स्टेशनात थांबणाऱ्या पॅसेंजरला जुंपलं गेलं. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नेहमीची गाडी 6 डिसेंबर 1995ला फिरोजपूर-जालंधर मार्गावर धावली. हार-फुलं झाली, फोटो निघाले. तिला जोडलेलं इंजिन होतं 'शेर-ए-पंजाब', डब्ल्यूएल जातीचं, पॅसेंजरवालं.