स्वाधीन : पंडिता रमाबाई आणि ईश्वराज्ञेचा प्रश्न

मराठीतील ‘स्वाधीन’ हा शब्द मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. संस्कृतात त्याचा सरळ अर्थ आपल्याच अधीन असलेला, म्हणजे स्वतंत्र, असा आहे. मराठीत मात्र आपण घराच्या किल्ल्या शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि फरारी माणूस पोलिसांच्या स्वाधीन होतो. स्वातंत्र्य आणि समर्पण हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाने पोटात घेतले आहेत. वर्गात हा शब्द आला की मुले हसत आणि ‘सर, मग खरा अर्थ कोणता?’ असे विचारीत. मी त्यांना दोन्ही खरे म्हणून सांगत असे. ज्यांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकमेकांशी झगडताना दिसतात, अशा एका स्त्रीविषयी आज बोलावयाचे आहे. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या एका मुख्याध्यापिकेच्या स्मरणार्थ आपली शाळा हे व्याख्यान योजते. तेव्हा पंडिता रमाबाईंचे नाव येथे अस्थानी ठरणार नाही.

रमाबाईंवर दोन बाजूंनी आक्षेप घेतले गेले. आपल्याकडील लोक म्हणाले की, शास्त्रीपंडितांचे जोखड झुगारून तिने पाद्र्यांचे जोखड मानेवर घेतले. आणि ज्यांनी तिला बाप्तिस्मा दिला त्यांच्यापैकी काहींना वाटले की, ही बाई ख्रिस्ती झाली खरी, पण आज्ञा पाळण्यास शिकली नाही. हे दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी ज्ञानेश्वरीचे पारायण होते. पण भक्त देवाला शरण जातो म्हणजे नेमके कोणाचे ऐकतो, हा प्रश्न ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यालाही चुकत नाही.

आरंभ कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात होतो. रमाबाईंचा जन्म तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव, व्युत्पन्न आणि आपल्या मताला चिकटून राहणारे. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले. त्यापायी त्यांना विद्वानांच्या रोषास तोंड द्यावे लागले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत वर्षानुवर्षे हिंडले. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नान्नदशा झाली, आणि थोड्याच काळात आईवडील दोघेही गेले. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा चौथा खांदा मुलीला द्यावा लागला. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीची बाजू डोक्यावर घेतली.

अंधत्व आलेल्या अनंतशास्त्र्यांनी मरणापूर्वी आपल्या सर्वांत धाकट्या मुलीला जवळ घेतले. तिला आपण देवाच्या हाती सोपविले आहे, ती त्याचीच असून जन्मभर तिने त्याचीच सेवा करावी, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत नोंदविले आहे. चरित्रकार हा प्रसंग करुण म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मला तो त्यांच्या साऱ्या चरित्राचा पाया वाटतो. एका वैष्णव पित्याने मुलीचे दान केले, पण ते वराला केले नाही, कुळाला केले नाही, गुरूलाही केले नाही; थेट देवाला केले. मधला कोणी दलाल त्या दानपत्रात नव्हता. देवाचे नाव पुढे बदलले. दानपत्रातील ही अट मात्र रमाबाईंनी कधी बदलू दिली नाही.

मधली वर्षे आपणा सर्वांना परिचित आहेत. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. त्याच वर्षी पुण्यास आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाली, हंटर आयोगापुढे साक्ष झाली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता. काशीचा हा शास्त्री स्वतः वाद घालीत घालीत ख्रिस्ती झाला होता. एका पंडिताने दुसऱ्या पंडितेचे मन वळविले, हे लक्षात ठेवावयास हवे. दुष्काळात तांदळाच्या पोत्यावर झालेले हे धर्मांतर नव्हते.

खरे नाट्य घडले ते बाप्तिस्म्यानंतर. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मठवासिनीचे व्रत तिहेरी असते : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. वरिष्ठांची आज्ञा ही देवाचीच आज्ञा समजून पाळावी आणि त्यात आपला अहंकार विरघळवावा, ही त्या व्रताची रीत. जेराल्डिनबाईंची निष्ठा खोटी नव्हती. रमाबाईंवर त्यांचे प्रेमही होते. म्हणूनच भांडण इतके जिव्हारी लागले.

निमित्ते वरवर पाहता किरकोळ होती. रमाबाई अंडे घातलेला गोड पदार्थ खात नसत. सिस्टरांना त्यात जातीचा जुना अभिमान दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या देशातील स्त्रियांना ती कळणार नाहीत, तेथे संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. लॅटिनमध्ये संस्कृतापेक्षा अधिक पावित्र्य कोठून आले, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. मग १८८४ साली चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील दोन बिशपांनी, लाहोरच्या व मुंबईच्या, ते अनुचित ठरविले. देवळादेवळांतून, हजारो स्त्रीपुरुषांसमोर पुराण सांगत वाढलेल्या बाईला कोणासमोर बोलावे हे आता बिशप शिकविणार होते! शेवटी वाद थेट श्रद्धेपर्यंत पोहोचला. त्रैक्याचे तत्त्व आपल्या बुद्धीला पटत नाही, ते पवित्र शास्त्रात स्पष्ट दाखवा, असे रमाबाई म्हणू लागल्या. मनोरमेला, जे आईलाच मान्य नाही ते शिकवू नये, हाही त्यांचा आग्रह होता.

या पत्रांत रमाबाईंची भूमिका अत्यंत नेमकी आहे. आपण देवाची आज्ञा मानतो, ती त्याच्या वचनातून आणि आपल्या सदसद्विवेकातून कळते, असे त्या सांगतात. ब्राह्मण पुरोहितांच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने सुटका करून घेतल्यावर दुसऱ्या कोणा पुरोहिताच्या शब्दाला ईश्वरी शब्द मानण्याची त्यांची तयारी नव्हती. सिस्टरांच्या लेखी हा अहंकार होता. मला त्यात अनंतशास्त्र्यांचे दानपत्र दिसते. आणि एक गोष्ट जेराल्डिनबाईंच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ही सारी पत्रे, स्वतःविरुद्धची सुद्धा, त्यांनीच जपून संकलित केली. अ. भि. शहा यांनी ती १९७७ साली संपादून प्रसिद्ध केली. प्रतिपक्षाचे कागद इतक्या निगुतीने जपणारे आपल्याकडे किती निघतील?

रमाबाईंना समर्पणाचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगला तो आणखी काही वर्षांनी. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी ‘माझी साक्ष’ या १९०७ च्या पुस्तिकेत लिहिले आहे. १८९१ च्या सुमारास बुद्धीचा वाद थांबला, आणि त्यांनी स्वतःला पूर्णपणे त्याच्या हवाली केले. येथे वाचकाची अपेक्षा अशी की, यानंतर ही बाई निमूट आज्ञाधारक होईल. घडले ते उलटे. या समर्पणानंतर माणसांचा रोष त्यांना आणखीच कमी जाणवू लागला.

शारदासदन त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले आणि पुढील वर्षी पुण्यास हलविले. अमेरिकेतील मंडळींच्या पैशांवर चालणारी ही शाळा धर्मनिरपेक्ष राहील, असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रसंगी मी सर्वस्वी रमाबाईंच्या बाजूचा नाही. दार उघडे ठेवणे हा त्यांचा हक्क होता, हे खरे. पण जिचे केस उतरविले गेले आहेत, जिला घरात कोणी ‘जेवलीस का’ म्हणून विचारीत नाही, अशा पोरक्या मुलीच्या दृष्टीने जेवू घालणाऱ्या आईची प्रार्थना ही नुसती प्रार्थना राहत नाही. रानड्यांसारख्या सौम्य माणसाला हे बोचले, तर त्याला केवळ सनातनीपणा म्हणता येणार नाही. मात्र सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली. त्याच १८९३ साली, ११ मार्चला, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. ‘माझे पुराण’ लिहिणाऱ्या बाया कर्वे त्या ह्याच.

सरकारची गोष्टही तीच. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची जी हालत होत होती, त्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. त्याचा उल्लेख पार्लमेंटपर्यंत गेला आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांना खुलासा करावा लागला. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून बाई राज्यकर्त्यांची झाली, हा आक्षेप ज्यांनी घेतला, त्यांनी ते पत्र वाचलेले दिसत नाही.

पुढची हकीकत आपल्या गुजरातच्या भूमीशी जोडलेली आहे. आधी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळ केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. नंतर १९०० साली, संवत १९५६ चा म्हणून ज्याला येथील वृद्ध ‘छप्पनियो’ म्हणत त्या भीषण काळात, गुजरातेतून शेकडो मुली केडगावी गेल्या. आश्रमातील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. बडोद्याच्या मराठी माणसाने हे विसरू नये. छप्पनियाच्या कहाण्या आपण ऐकल्या आहेत, पण त्या मुलींचे पुढे काय झाले हे कोणी फारसे सांगत नाही. त्या विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय शिकल्या, वाचू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. स्वतः काम करण्याची शिकवण नसल्यामुळे आपल्या कुटुंबाची उपासमार झाली, हे रमाबाईंना पुरते ठाऊक होते. मुक्तीत प्रत्येक मुलीच्या हाताला काम होते, याचे मूळ मला त्या जुन्या दुष्काळात दिसते. पैशासाठी आवाहन करावयाचे नाही, देवापुढे मागावयाचे आणि येईल त्यात भागवावयाचे, अशी त्या आश्रमाची रीत पडली.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज्ञा न मानणारी ही बाई आता दोन हजार जणींना आज्ञा देणारी झाली होती. १९०५ साली मुक्तीत जी धार्मिक उत्कटतेची लाट आली, तीत शेकडो मुली रडत, ओरडत, प्रार्थना करीत. त्यांतील कितीजणींनी चेल्टनहॅमच्या रमाबाईंप्रमाणे ‘हे मला पटत नाही’ असे म्हटले असते, आणि म्हटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. उपाशी पोटाला विवेकाचे स्वातंत्र्य परवडत नाही, असे कोणी म्हणेल. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही.

मराठीचा अध्यापक म्हणून माझे मन सर्वांत अधिक रेंगाळते ते त्यांच्या अखेरच्या कामापाशी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर खेड्यातील स्त्रीला कळत नाही, आणि त्यातील संस्कृत शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. ‘स्त्रीधर्मनीति’मधील प्रौढ, समासप्रचुर मराठी ज्यांनी वाचले आहे, त्यांना ह्या निर्णयाची किंमत कळेल. वाङ्मयीन दृष्ट्या त्यात तोटा झाला, हे माझे स्पष्ट मत आहे. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या नादात वाक्ये ठिकठिकाणी अडखळतात. ज्या संस्कृताने त्यांना ‘सरस्वती’ केले, ज्यासाठी आईवडिलांनी लोकांचा रोष पत्करला, ते त्यांनी उतरवून ठेवले. मठातील वरिष्ठांनी सांगूनही जी संस्कृतचा अभिमान सोडीना, तिने तो कोणी न सांगता सोडला. देशावरील एका निरक्षर कुणबिणीला देवाचे वचन कळावे, एवढ्यासाठी.

काम अठरा वर्षांच्या आसपास चालले. मुक्तीतील मुलीच अक्षरे जुळवीत, छापीत, बांधीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. शाळेची, आश्रमाची आणि निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्याच्या शाळेची सारी भिस्त तिच्यावर होती. आईने मुद्रिते तपासणे थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा तपासणीचे काम संपले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. चर्चमधून मात्र पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर प्रचारात राहिले.