सकारात्मक मानसशास्त्र म्हणजे नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ नव्हे

पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘सर, पोराला जरा पॉझिटिव्ह राहायला सांगा ना.’ न्हावा-शेवा बंदराच्या परिसरातल्या आमच्या मुलांपैकी कुणाचे अब्बा ट्रेलर चालवतात, कुणाचे कंटेनर यार्डात रात्रपाळी करतात. बंदराच्या गेटवर रांग लागली की घरी यायची वेळ ठरलेली नसते. अशा घरातल्या मुलाला ‘खुश राहा’ सांगून काय होणार? सकारात्मक मानसशास्त्र हे सांगतही नाही. मग ते काय सांगतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये तिथल्या मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. आपलं शास्त्र आजारावरच थांबलंय, माणूस चांगला कशामुळे जगतो याचाही अभ्यास हवा, ही भूमिका त्यांनी मांडली. पुढे २०११ मध्ये त्यांनी चांगल्या जगण्याचे पाच घटक सांगितले : आनंदी भावना, कामात रमणं, नाती, जगण्याला अर्थ आणि काही साध्य केल्याचं समाधान. म्हणजे आनंदी भावना हा पाचातला फक्त एक भाग.

पण आम्हा शिक्षकांसाठी खरी महत्त्वाची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. १९६७ च्या सुमारास सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के स्वतःहून थांबवता येत नव्हते, त्यातले बरेच पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही पडून राहिले. याला ‘शिकलेली हतबलता’ म्हटलं गेलं. मात्र २०१६ मध्ये या दोघांनीच आपला सिद्धांत उलटा केला. मेंदूच्या अभ्यासावरून ते म्हणाले, हतबलता शिकावी लागत नाही, त्रास लांबला की ती आपोआप येते. शिकावी लागते ती ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ ही जाणीव. ‘मला गणित येतच नाही सर’ म्हणणाऱ्या मुलाकडे आम्ही तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

उरणच्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची खरं तर गरज नाही. जमिनी गेल्या तेव्हा इथला शेतकरी गप्प बसला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं धोरण आलं. वाटपाच्या तक्रारी पुढे बरीच वर्षं चालल्या, तो वेगळा विषय. पण ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे ‘तक्रार करू नका’ असं कुणी सांगत असेल, तर त्यानं आधी इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं.

सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञानं उम्मीदीचे दोन भाग सांगितले : मी करू शकतो हा विश्वास, आणि कसं करायचं याचे रस्ते दिसणं. आमच्या अनुभवात मुलांकडे पहिला भाग बऱ्यापैकी असतो, दुसरा नसतो. ‘मरीन इंजिनिअर होणार’ असं मूल जोरात सांगतं. पण दहावीनंतर कोणता विषय, कोणती परीक्षा, फी किती, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. तिथे भाषण कामाचं नाही. कागदावर तीन रस्ते लिहून द्यावे लागतात, एक बंद पडला तर दुसरा.

शाळांसाठी सरकारी पातळीवरही प्रयत्न झालेत. दिल्ली सरकारनं जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी रोजचा ‘हॅपिनेस’ तास सुरू केला, त्याची परीक्षा नसायची. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. तो कुठे नीट चालतो, कुठे त्यात राहिलेला पोर्शन घेतला जातो, हे आम्ही शिक्षकांनी प्रामाणिकपणे मान्य करावं.

दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे रोज लिहायचं, हा सेलिगमन यांचा प्रसिद्ध उपाय. २००५ च्या अभ्यासात आठवडाभराच्या या सवयीचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. अर्थात त्यातले लोक इंटरनेटवरून स्वतःहून आलेले होते, आणि अशा उपायांचा फायदा लहानच असतो असं नंतरचे आढावे सांगतात. आम्ही वर्गात करून पाहिलं. एका मुलानं लिहिलं, ‘ट्रेलर लवकर खाली झाला, अब्बा जेवायला घरी होते.’ ‘का?’ समोर लिहिलं होतं, ‘आज लाइन नव्हती.’

मानसोपचारात हा विचार नेण्यात मूळचे पाकिस्तानचे आणि कॅनडात काम केलेले डॉ. तय्यब रशीद यांचं नाव मोठं आहे. सेलिगमन आणि अकेशिया पार्क्स यांच्यासोबत त्यांनी २००६ मध्ये नैराश्यावरची पद्धत मांडली. रुग्णाला ‘तुम्हाला काय त्रास आहे’ इतकंच विचारत नाहीत. ‘तुम्ही सगळ्यात चांगले वागलात असा एखादा प्रसंग सांगा’ असंही म्हणतात. कडू आठवणी टाळल्या जात नाहीत, त्याही लिहायला लावतात. माफ करण्यावरही काम होतं, पण माफी म्हणजे अन्याय बरोबर होता असं मानणं नव्हे. आपल्याकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था उपचारांसोबत निरोगी माणसांसाठीही मराठीत उपक्रम चालवते.

वहीत तीन गोष्टी लिहिणं हा नैराश्यावरचा इलाज नाही. घरातलं कुणी दोन आठवडे सलग उदास असेल, झोप-जेवण सुटलं असेल तर डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर १४४१६.