टोमॅटो, स्ट्रॉबेरी आणि आरएनएवरील एक खूण

फळ पिकते तेव्हा त्यातील हरितद्रव्य ओसरते, नवी रंगद्रव्ये साठतात, पेशीभित्तिका सैल होतात आणि आंबटपणा उतरून गोडी चढते. या प्रत्येक बदलासाठी ठरावीक प्रथिने ठरावीक वेळी तयार व्हावी लागतात. प्रथिन बांधण्याची सूचना डीएनएकडून घेऊन जाणारा रेणू म्हणजे संदेशवाहक आरएनए. या रेणूतील ॲडेनोसीन या घटकाच्या सहाव्या स्थानी असलेल्या नायट्रोजनला कधी कधी एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा समूह, जोडलेला आढळतो. 'एम-६-ए' या नावाने ओळखली जाणारी ही खूण सूचनेचा मजकूर बदलत नाही, परंतु ती सूचना किती काळ टिकावी आणि तिच्यापासून किती प्रथिन बनावे, यावर तिचा प्रभाव पडतो.

या खुणेचे मूळ फळबागेत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतील फ्रिट्झ रॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती उंदराच्या यकृतातील कर्कपेशींत आढळली आणि १९७९ पर्यंत गहू व मका या वनस्पतींतही तिची नोंद झाली. मात्र एकदा लागलेली खूण कायमची, असाच समज पुढे दीर्घकाळ राहिला. मानवी पेशींतील एफटीओ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ही खूण पुसू शकते असे २०११ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा तो समज ढासळला. जी खूण लावताही येते आणि पुसताही येते, ती नियंत्रणाचे साधन ठरू शकते, हे त्यातून उमगले.

टोमॅटोचा अभ्यास तोवर दुसऱ्या वाटेने याच दिशेला येत होता. 'सीएनआर' या वाणाची फळे लाल होत नाहीत. त्यामागे डीएनएच्या अक्षरक्रमातील बदल नसून डीएनएवरच साचलेले मिथिल गट आहेत, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. हे गट काढून पिकण्याची जनुके मोकळी करणारे विकर म्हणजे डीएमएल-२. चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये या दोन्ही वाटा जोडल्या. टोमॅटो पिकताना आरएनएवरील एम-६-ए एकंदरीत घटते आणि एएलकेबीएच-२ हे विकर डीएमएल-२च्या संदेशवाहक आरएनएवरील खुणा पुसते, त्यामुळे तो संदेश अधिक टिकतो, असे त्यांना आढळले. जनुक-संपादनाने एएलकेबीएच-२ निकामी केल्यावर फळे उशिरा पिकली. अशा रीतीने आरएनएवरील खूण पुसली गेल्याने डीएनएवरील खूण पुसण्याचे काम बळावते.

यावरून ही खूण पिकण्याला रोखते असा नियम बांधता आला असता, परंतु २०२१ मध्ये स्ट्रॉबेरीने तो खोटा ठरवला. टोमॅटोचे पिकणे प्रामुख्याने इथिलीन वायूवर, तर स्ट्रॉबेरीचे ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकावर अवलंबून असते. या संप्रेरकाच्या निर्मितीशी आणि कार्याशी निगडित काही संदेशांवर मिथिल गट चढले की ते अधिक टिकतात किंवा त्यांच्यापासून अधिक प्रथिन बनते. म्हणूनच खूण लावणारी विकरे कमी केली की स्ट्रॉबेरी पिकण्यास विलंब होतो.

एका फळात जी खूण पुसावी लागते, तीच दुसऱ्यात लावावी लागते. तिचा परिणाम ती कोणत्या संदेशावर आणि त्याच्या कोणत्या भागात आहे, यावरून ठरतो. त्यामुळे आंबा किंवा केळे यांसारखी नाशवंत फळे अधिक काळ टिकवण्यासाठी या ज्ञानाचा उपयोग करायचा असेल, तर टोमॅटोचे निष्कर्ष उसने घेऊन भागणार नाही. प्रत्येक फळाचे संदेश स्वतंत्रपणे तपासावेच लागतील.